मृत, या रकान्यासमोर

फेब्रुवारी ते एप्रिल. हंगामी काम.
उद्यानाच्या कचेरीतून मिळतं ते असं:
स्टीलची पट्टी, पाण्याचे दोन कॅन,
एक टोपी, आधी कुणाच्या तरी डोक्यावर उन्हाळे काढलेली,
आणि तक्ता. एकशे बारा झाडं,
दोनशे चोवीस पानं.
हिशेब चुकत नाही, कारण वेल्वीचियाला
जन्मभर दोनच पानं.

पहिली तीच शेवटची. बुडाशी वाढत राहतात,
टोकाशी झिजतात,
मधल्या मध्ये वारा त्यांच्या चिंध्या करतो,
आणि लांबून वाटतं, कुणीतरी
तंबू उपटून नेताना कापड विसरून गेलं.

उसिएल गाडी जुन्या चाकोरीतच थांबवतो.
बोटभरही बाहेर नाही. या खडीवर
चाकाचा वळ उठला की नातवंडांपर्यंत टिकतो.
पुढे चालत. समुद्रावरून धुकं आत आलेलं असतं,
भुवयांना थेंब, पट्टीला थेंब,
शाई पसरते म्हणून शिसपेन्सिल.
गुडघे टेकायचे. गेल्या हंगामात पानावर कोरलेली रेघ शोधायची,
बुडापासून ती किती सरकली ते वाचायचं.
अकरा सेंटिमीटर. नऊ. तेरा.
गेम्सबॉकने चावलं असेल तर तसं लिहायचं.
मादी असेल तर शंकू मोजायचे,
त्यांवरचे पिवळे-तांबडे किडे मोजायचे नाहीत
(ते मोजणारी बाई वेगळी, विंडहुकहून येते,
आणि तिला चहात चार चमचे साखर लागते).

नाराची फळं पिकतात त्याच दिवसांत हे काम,
म्हणून एमगार्ड आत्या माझ्यावर रुसलेली.
वाळूच्या टेकाडांत ती एकटीच
काटेरी जाळीतून काठीने फळं ओढते,
आणि संध्याकाळी हंड्यातला गर ढवळत विचारते,
“मग, आज किती वाढलं तुझं ते गवत?”
“दिवसाला? तिळाएवढंही नाही.”
“आणि पगार?”

एकेचाळीस नंबर दुपारी येतो.
पानं वाळल्या कातड्यासारखी. रेघ
होती तिथेच.
तक्त्यात माझ्याआधीचं अक्षर गोआगोसेबांचं,
साताच्या कंबरेला आडवी रेघ देणारं:
शून्य. शून्य. पुढच्या साली परत शून्य.
आणि ‘जिवंत’, ‘मृत’ या दोन्ही चौकटींवरून
तिरपं लिहिलेलं: थांबा.

आफ्रिकान्समध्ये या झाडाचं नाव
‘दोनपानी, मरू-न-शकणारं’.
नाव ठेवणारा पुढे निघून गेला असणार.
तक्ता भरायला थांबला नाही.

गोआगोसेब आता सूटरिव्हियरला शेळ्या राखतात.
रविवारी गेले. त्यांच्या उजव्या डोळ्यात फूल पडलंय.
घरच्यांची चौकशी केली नाही, उद्यानाची नाही.
“एकेचाळीस?”
“शून्य.”
“वाऱ्याच्या उलट्या बाजूची वाळू काढून पाहिलीस, डोर्थिया?”
नव्हती काढली.

सोमवारी काढली. हातांनी, नखांत खडी जाईपर्यंत.
खाच दिसली. खाचेत हिरवं नव्हतं.
काळंही नव्हतं, खरं सांगायचं तर.
भिजलेल्या पुठ्ठ्याला येतो तसला काहीतरी रंग,
ज्याला तक्त्यात जागा नाही.
एक भुंगेरा तिथून निघाला,
माझ्या मनगटावरून उतरून
आपल्या कामाला गेला.
उसिएलने लांबून हॉर्न दिला.

शून्य लिहिलं. वाळू होती तशी लोटली.

कचेरीतला नवा साहेब पान उलटून म्हणाला,
“एकेचाळीस अपुरं आहे.”
“हो,” म्हटलं.
तो बराच वेळ चौकटींकडे बघत बसला,
मग शिक्का मारला.

टोपी परत केली, कॅन परत केले.
पट्टी तेवढी पिशवीत राहून गेली.
आत्या तिने हंड्याच्या बुडाची करप खरवडते,
आणि सांगते, दोन बोटं जाड आहे,
लिहून घे.