स्टॉप लाइनच्या अलीकडे

लॅबमध्ये एसी अठरावर.
बाहेर मे, पारा सेहेचाळीस,
आणि तांडापेठेतले हेडाऊकाका, सिटी बसची एकतीस वर्षं संपवून,
डोक्यावर तो जड टोप चढवून बसलेत खुर्चीत.
चपला काढून, पाय पेडलवर.
"इंजिनापुढे चपला नाही घालत जी मी."
इंजिन नाहीये काका, असं मी म्हणत नाही.

काचेपलीकडे शाहीन मॅडम,
जाफरनगरच्या शाळेत गणित शिकवतात,
ओढणीची मागे गाठ, हातात नुसतं हँडल.
तिसऱ्या खोलीत पार्सलवाला प्रज्वल तितरमारे,
तो दोनदा विचारून गेला, इथे रेटिंग भेटते का.

तिघांना मिळून एकच नागपूर.
अकरा महिने आम्ही ते बांधत होतो:
वर्धा रोडचा दीड किलोमीटर, मेट्रोचे खांब,
बंद रसवंती, एक बसलेली म्हैस.
झाडं आयती आणली, डझनाच्या भावात,
लांबून कडुनिंब वाटावीत अशी.
ऊन नाही बांधलं. सावल्या मशीनला जड जातात,
सर म्हणाले, आणि वाहतुकीशी त्यांचा काय संबंध.

सिग्नल लाल.
काकांनी बस उभी केली
स्टॉप लाइनच्या एकवीस मीटर अलीकडे.
मागे मॅडमची स्कूटी. तिला खेटून प्रज्वल.
तिघंही झाडाखाली,
ज्या झाडाला खाली काही नाही.
पुढे कोरं डांबर, पांढरी रेघ, कुणीच नाही.
स्क्रीनवर लाल अक्षरात: चूक. चूक. चूक.
सर म्हणाले, कॅलिब्रेशन तपास.
मी तपासलं.
म्हणजे तपासल्यासारखं केलं,
मीही सकाळी माटे चौकात तिथेच थांबले होते, तेवढ्याच लांब.

मग प्रयोग तिसरा: सिग्नल बंद.
काका डावीकडून, मॅडम उजवीकडून.
दोघंही थांबले.
काकांचा हात स्टिअरिंगवरून उठला,
खिडकी असते तिथपर्यंत गेला, हवेत उलटा झाला:
जा माय, तू जा.
काचेपलीकडे मॅडमनी मान हलवली: नाही, आधी तुम्ही.
पण हातमोजे पुढच्या वर्षीच्या बजेटात आहेत,
आणि मानेचं तर कुणाला सुचलंच नव्हतं,
म्हणून त्या रस्त्यावर नुसती एक बस, एक स्कूटी,
तोंडाला तोंड लावून.
चार सेकंद. नऊ.
"काहून थांबून राहिली हे?"
"जाइए ना, भाई."
चौदा.
मधून प्रज्वल गेला, सत्तरने.
तो मॉडेलला लगेच कळला.

विलंब: चौदा सेकंद. कारण निवडा.
थकवा. मोबाइल. दुर्लक्ष. यंत्राची सवय नसणे.
मी "इतर" निवडलं, चौकट उघडली,
त्यात लिहिलं "आधी तुम्ही"
आणि सरांनी विचारलं तर काय सांगायचं
ते अजून ठरलेलं नाही.

जाताना काका चपला शोधत होते टेबलाखाली.
"ते स्कूटीवाली बाई पोचली का जी घरी?"
मी बोट दाखवलं: कॉरिडॉरमध्ये मॅडम,
तीनशे रुपयांच्या पावतीवर सही करत.
काकांनी बराच वेळ पाहिलं.
"हे? नाही जी.
हे तर पायी हाय."