लाभ, दोन, तीन

साठ जीबीची फाईल
आठ जीबीच्या लॅपटॉपात मावत नाही
हे अण्णांना समजवायला फार शब्द लागले नाहीत.
गुलटेकडीच्या मार्केट यार्डात एकतीस वर्षं तोलणार होते ते.
म्हणाले, अख्खी रास कुणी उचलतं का?
पायलीनं घे.

म्हणून लायब्ररीचं नाव पायली.
एका वेळी एकच माप आत घ्यायचं,
वरून हात फिरवायचा
(शिगोशीग भरलं की मेमरी सांडते),
मोजायचं, ओतायचं, विसरायचं.
विसरणं सगळ्यात अवघड. त्याच्यावरच
माहितीपत्रकात माझे तीन परिच्छेद आहेत.

बिबवेवाडी, तिसरा मजला, रात्री साडेदहानंतर,
म्हणजे कंपनीचं काम कंपनीला देऊन झाल्यावर.
गंगाधाम चौकाकडून कांद्याचे ट्रक चढ चढतात,
गिअर पडला की टेबलावरचा चहा थरथरतो.
आई विचारते, पैसे कोण देतं याचे?
कुणी नाही.
मग जागतेस कशाला?
या प्रश्नावर अजून आवृत्ती निघालेली नाही.

आधी मी खराब ओळी फेकून देत होते:
तारखेच्या जागी ‘विचारून सांगतो’,
तापमान नऊशे नव्याण्णव.
अण्णांनी चष्म्यावरून पाहिलं.
मातेरं टाकू नये. बाजूला ठेव.
त्यालाही गिऱ्हाईक असतं.
आता ‘मातेरं’ नावाचं फंक्शनच आहे.
एस्टोनियातल्या मार्टेननं उच्चार विचारला
तेव्हा अण्णांच्याच आवाजात पाठवला,
मागे कुकरच्या शिट्टीसकट.

उघड्यावर ठेवलेल्या कोडला माणसं येऊन हात लावतात.
नेवाशाच्या इरफाननं एका रविवारात वेग दुप्पट केला
आणि पुन्हा दिसला नाही. नोकरी लागली असेल.
इंफाळची थोइबी मात्र राहिली.
तिनंच लिहिलं:
पर्जन्यमापकांच्या चाळीस फायली पायलीतून काढल्या,
चाळीसही ठिकाणचा पहिला दिवस गायब.

दोन रात्री शोधलं.
यंत्र शून्यापासून मोजतं, मी एकपासून,
दोघांच्या मधल्या फटीत एक ओळ पडत होती
आणि लाखोंच्या बेरजेत
कुणाला तिची उणीव जाणवत नव्हती.
मलाही नाही.

अण्णा मटार सोलत होते.
मोजायला सुरुवात काय म्हणून केलीस?
एक म्हणून.
त्यांनी शेंग खाली ठेवली,
हातात नसलेली पायली दोन्ही हातांनी धरली,
नसलेल्या पोत्यात रिकामी केली:
लाभ.
मग दोन. मग तीन.
पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत गं.
आकडा नसतो त्याला. पण पोत्यात जातं ते.
इलेक्ट्रॉनिक काटे आले आणि
यार्डात हे म्हणायचं बंद झालं.
काट्याला काय, तो बोलतच नाही.

दुरुस्ती एवढीशीच:
‘पेक्षा मोठा’ या चिन्हाशेजारी
‘बरोबर’चं चिन्ह दिलं.
बदलाच्या नोंदीत लिहिलं, लाभ.
चाचण्या हिरव्या झाल्या, सव्वादोन वाजले होते.

सकाळी थोइबीचा निरोप:
चाळीसही पहिले दिवस परत आले.
त्यातल्या एकोणतीस ठिकाणी पाऊस शून्य.
कुणीतरी त्या दिवशी डोंगर चढून गेलं होतं,
कोरडी नळी पाहिली होती,
आणि शून्य लिहून उतरलं होतं.

नवी आवृत्ती सोडताना
योगदान देणाऱ्यांच्या यादीत नाव घातलं,
ज्ञानोबा खुटवड, तोलणार, पुणे.
लिहिलेल्या ओळी: शून्य.
त्यांना दाखवलं. अक्षरं मोठी करून दाखवली.
बराच वेळ बघत राहिले.
मग म्हणाले, बिल्ला नंबर राहिला.
नंबराशिवाय तोलणाराचं माप धरत नाहीत.

एकशे सत्तावीस.
टाकला.