एकच व्यक्ती

पादोव्हात गुरुवारी दुपारी
म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या बायकांना अर्धी सुट्टी असते.
पारास्कोविया म्हाताऱ्यालाच घेऊन आली,
चाकाच्या खुर्चीत, गुडघ्यांवर चौकड्यांची शाल.
त्याची मुलगी ऐनवेळी आली नव्हती.

मी दुभाषी. तासाला चाळीस युरो,
मोल्दोव्हाकडच्या बायकांना तीस.

काम साधं होतं : गावाकडचं घर विकायचं,
बहिणीच्या नावे मुखत्यारपत्र.
पण पासपोर्टवर ती त्सुर्कानु
आणि जमिनीच्या जुन्या उताऱ्यावर, रशियन लिपीत,
नुसतीच त्सुर्कान.
शेवटचा उकार
एक्क्याऐंशी साली कुणा कारकुनाने गिळला होता.

नोटरी बेल्लुको म्हणाले,
मग आधी प्रतिज्ञापत्र करा,
की वरील दोन्ही नावांची स्त्री एकच आहे.

मी सांगितलं. ती गप्प.
मग माझ्या कानाशी : विचार ना,
तिसरंही लिहायचं का?
हे मला लुईजा म्हणतात. बायकोचं नाव.
पहिलं वर्षभर मी दुरुस्त करायचे,
आता ओ देते.

हे मी पुढे सांगितलं नाही.
तीस युरोत सगळंच सांगायचं नसतं.

दस्त मोठ्याने वाचावा लागतो, कायदाच आहे.
दोन खोल्या, उन्हाळ्यातलं स्वयंपाकघर,
बारा गुंठे द्राक्षमळा, एक विहीर...
कोरडी, ती म्हणाली. कोरडी लिहा,
उद्या घेणाऱ्याने बहिणीला धरायला नको.
बेल्लुकोंनी चष्मा कपाळावर सरकवला.
दस्तात विहीर असते, बाई, पाणी नसतं.

मग त्यांनी विचारलं, सवयीने, कागदातून मान वर न करता,
या बाईंना कोण ओळखतं?

खुर्चीतून आवाज आला :
मी. बावन्न वर्षं.
तिला गार वारा बाधतो, खिडकी लावा.

खिडकी खरंच उघडी होती.
टायपिस्ट मुलगी उठली आणि लावून आली.

सही, शिक्का. शिक्क्यावरचा शिक्का कोर्टात,
तोही सोमवारनंतर, उद्या संप.

लिफ्ट जुनी, खुर्चीपुरती.
दार ओढून मी बटण दाबलं
आणि ती जिन्याने धावत सुटली, कागद काखेत.
प्रत्येक मजल्यावरून त्याची हाक,
लुईजा,
आणि जाळीपलीकडून, धापा टाकत,
आले, आले.