खडेबाजारात, भर दुपारी

शिडीच्या तिसऱ्या पायरीवर होतो मी,
कुंद्याच्या दुकानाची पाटी चौथ्यांदा रंगवत,
तेव्हा ती खाली येऊन उभी राहिली.
पायात चप्पल नव्हती. डांबर तापलेलं, तरी नव्हती.
म्हणाली, मी पुढून आलेय.
मला वाटलं, पुढून म्हणजे गणपत गल्लीतून.

हे काय पुसताय?
पुसत नाही बाई, झाकतोय.
नोटीस आलीय. वरची जागा, मोठं अक्षर, कानडी.
खाली उरेल त्यात आपलं.
आपलं म्हणजे?
ब्रश डब्याच्या काठावर निथळत राहिलो.
हा प्रश्न मजुरीत धरलेला नव्हता.

मग सुटलीच ती.
भिंतीच्या भोकात पोर बोट घालतं, तसं तिचं विचारणं.
सीमा कुठाय? दाखवा.
म्हटलं, तशी दिसत नाही,
कोगनोळीच्या नाक्यावर एसटी अडवतात तेव्हा कळते.
तिथं नदी आहे का?
वेदगंगा हाय की जवळच, खरं ती अडत नाही.
मग एसटी का अडते?
अडवून काळं फासतात तिला.
कोणत्या रंगानं?
धंद्याचा माणूस मी, खरं ते सांगितलं:
ऑइल पेंट. टर्पेंटाइननं निघतो,
काचेच्या कडेला मात्र राहतो थोडा.
एवढंच तिनं मन लावून लिहून घेतलं,
तळहातावर, बोटानं.

रुद्राप्पा चहा घेऊन आला.
त्यानं कानडीत विचारलं साखर किती, मी मराठीत विचारलं गाव कुठलं,
तिनं एकाच वाक्यात दोघांना उत्तर दिलं
आणि सांधा कुठं दिसला नाही.
नम्म हुडुगी, म्हणाला रुद्राप्पा, खूश होऊन.
मी म्हटलं, आमची.
मग दोघंही चहात बघत बसलो.

का कुणास ठाऊक, मामाचं सांगितलं तिला.
एका नोव्हेंबरात दंडाला काळी फीत लावून गेला
तो परत आला तेव्हा डावा कान गेलेला.
तिनं विचारलं, आणि अगदी मायेनं विचारलं,
त्या कानानं कुठली भाषा ऐकायचे ते?

उतरलो मी शिडीवरून.
म्हटलं, तुमच्याकडं भांडण नाही, कोर्ट नाही, तारीख नाही,
पाट्या कोण रंगवतं तुमच्या?
पाट्या नाहीत. सगळ्यांना माहीत असतं कुठं काय आहे.
आणि मराठी?
थांबली. खिशात किल्ली चाचपावी तशी
स्वतःतच काही चाचपत राहिली.
शब्द आहेत, म्हणाली. पुष्कळ आहेत.
कुठला कुणाचा, ते कुणी विचारत नाही.

किती चांगलं, असं म्हणायला पाहिजे होतं मी.
ओठापर्यंत आलंही होतं.
खरं आई भाकरी थापताना पुटपुटायची ते सगळं
कुठल्यातरी मोठ्या परातीत पडून
कालवलं जाताना दिसलं,
आणि परात चकचकीत होती, आणि कुणी उपाशी नव्हतं.

जाताना म्हणाली, माझं नाव लिहून द्याल?
वेळ्ळा. आजवर कुणी लिहिलेलं नाही.
कुठल्या अक्षरात?
हात आधी जाईल त्या.
एकतीस वर्षांचा हात माझा,
डोळे मिटून दोन्हीकडच्या वेलांट्या काढणारा,
फळीपाशी जाऊन
लाकडासारखा उभा राहिला.
मधलंच अक्षर तेवढं काढलं शेवटी,
तिच्याकडं पाहायला वळलो
तर रस्त्यावर ऊन, आणि उष्ट्या तीन पेल्यांपैकी
एक भरलेला.

मालक बाहेर आला, पाटीकडं बघून म्हणाला,
परशराम, मधेच हा ळ कुणाचा?
बेळगावातला, म्हटलं.
ते कळलं रे, आपल्यातला की त्यांच्यातला?
वाळू दे आधी, म्हणालो,
आणि शिडी धरायला रुद्राप्पाला हाक मारली.