उणे बावीस

क्लाइपेदाच्या बंदरातून रात्री दोनला फोन आला :
चार नंबरच्या शीतघरात हेरिंग मऊ पडलीय,
दाबली की बोट रुततं.
माझ्या पडद्यावर मात्र उणे बावीस.
सकाळपासून उणे बावीस,
दशांशानंही न ढळणारं,
फोटोतल्या माणसाच्या हसण्यासारखं.

लॉगची फाइल उघडली. शून्य बाइट.
सहा वर्षं अहोरात्र राबणारा प्रोग्राम,
आणि मंगळवारपासून त्यानं ब्र काढलेला नाही.

लेव्हल पाहिली. फोल्डरची परवानगी पाहिली.
डिस्कवर जागा होती.
कॉन्फिगरेशन ओळ न ओळ वाचलं, मोठ्यानं,
पाढे म्हणतात तसं,
कुठे एखादा कंस उघडा राहिला असेल म्हणून.
नव्हता.
खिडकीबाहेर क्रेनचे दिवे
बर्फात अर्धे पुसलेले.

मग जारांची यादी.
जार म्हणजे बरण्याच शेवटी,
एकीत काय मुरतंय ते दुसरीला ठाऊक नसतं.
मंगळवारी लेबलं छापायची नवी लायब्ररी आली,
ती एकटी आली नव्हती.
सोबत एक लहानशी बरणी,
जिचं कामच मुळी हे :
सगळं ऐकून घ्यायचं
आणि कुणाला काही सांगायचं नाही.
एका म्यानात दोन तलवारी.
प्रोग्रामनं नेमकी बोथट उपसली.
तसं त्यानं सांगितलंही होतं, सुरू होताना, एकदाच,
पण त्या तक्रारीची वाट
आम्हीच कधीतरी शून्यात नेऊन सोडलेली,
उगाच गलका नको म्हणून.

बरणी काढली. डीबग लावला. पुन्हा सुरू केलं.

आणि बांध फुटला.
दार उघडलं दार उघडलं
पंखा सुरू पंखा सुरू
एक उणे एकवीस एक उणे एकवीस
लेक बोलली की आई तेच पुन्हा बोलते.
लेकीचं आईपर्यंत पोचू नये,
अशी एक ओळ लिहिली. मग जरा ऐकू आलं :
एक. दोन. तीन.
पाच.

चारचा कोड रिमगाउदास स्टोंकुसचा.
तरुणपणी तो ट्रॉलरवर रेडिओ सांभाळायचा.
मला म्हणायचा, डाइवा,
दिवसभर बडबडणाऱ्याचा आवाज
बुडताना कुणी ओळखत नाही.
त्याच्या कोडमध्ये म्हणून सगळीकडे शिस्त, सगळीकडे मौन.
वायर तुटली होती. एक्सेप्शन आलं होतं,
दर दहा सेकंदांनी येत होतं,
आणि कॅच ब्लॉक मूग गिळून
शेवटचा आकडा पुढे सरकवत होता.
दोन महिरपी कंसांच्या मधे
फक्त त्याची टिप्पणी :
इथे काही घडत नाही.

रागानं फोन उचलला.
पण तो आता मधमाश्या पाळतो, नऊला झोपतो.
आणि तारीख पाहिली त्या ओळीची.
तेव्हा शीतघराच्या दाराशी झेनोनस असायचा,
कानटोपी, हातात काचेचा थर्मामीटर,
काही बिघडलं की पायऱ्या चढून वर यायचा
आणि धापा टाकत सांगायचा.
सेन्सर नीट चालतात म्हटल्यावर
पुढच्या वसंतात त्याला घरी पाठवलं.
त्याच्या जागी काय ठेवायचं
हे कुणी कुणाला विचारलं नाही.
मीही होते त्या बैठकीत.

टिप्पणी खोडली नाही.
तिच्याखाली एक ओळ लिहिली : एरर,
शीतघराचा नंबर,
आणि कारण, अख्खं, मुळापासून,
नुसता मथळा नाही.

खाली अकरा टन हेरिंग
पिठाच्या गिरणीकडे जायला ट्रकमध्ये चढत होती.
पडद्यावर पहिली ओळ उमटली :
०२:४१ चार उत्तर देत नाही.

भिंतीवरच्या घड्याळात चार एकेचाळीस.
लॉग अजून ग्रिनिचच्या वेळेत लिहितोय,
दोन तास मागे.
ते उद्या.