दुसरा कप्पा

जुन्या बाजारात, बुधवारी, साडेआठशेला पटवलं हे खोकं.
एक बटण बसलेलं, मेमरी कार्ड फुकट.
घरी लावलं, तर कार्डात आधीच कुणीतरी राहत होतं:
यतीन. एकतीस तास, अडतीस तारे.

यतीन थांबलाय तरंगत्या फळ्यांपाशी.
पुढची जवळ की लांब, काही केल्या कळत नाही;
कॅमेरा भलत्याच भिंतीत तोंड खुपसतो.
सात वेळा पडले. पडण्याला तळच नाही,
पडदा काळा, आणि पुन्हा तीच कडा.

आठव्यांदा दिसली सावली.
सूर्याचा पत्ता नाही, पण ही गोल, पाणीपुरीच्या पुरीएवढी,
खाली फळी असेल तरच पडणारी.
मग उडीकडे बघायचंच सोडलं.

सातारा रोडवर बसचा ब्रेक किंचाळला,
कुकरची कितवी शिट्टी ते राहिलं मोजायचं,
आणि मी पलीकडे.
एकोणचाळिसावा.

मशीन विचारतं: आधीचं पुसू?

नको.
दुसऱ्या कप्प्यात घातलं माझं नाव.
पहिल्यात तू अजून कडेवरच, यतीन,
गुडघे जरासे वाकवून.
समोर नको रे बघूस.
खाली बघ.