तासाला अकरा

आठ लूम माझ्याकडे, टॉवेलचे.
डोळे मिटूनही सांगेन कुठला थांबला.
एवढ्या खडखडाटात एकाचं गप्प होणं
आधी पाठीला कळतं, मग कानाला.
ताण्याचा धागा तुटला असेल तर
गाठ मारायची, हँडल ओढायचं.
तेवीस वर्षं हेच.

घरी मात्र तिचं घोरणं ऐकून
आम्ही हसायचो.
नऊ वर्षांची पोर, आजोबांसारखी घोरते,
विडी घरकुलात चार घरं पलीकडे
यल्लव्वालाही सांगून झालेलं.

लास्या. नाव नाचाचं.
तिसऱ्या वर्षी गुडघे सुजले, मग मनगटं.
सकाळी तासभर ती उठते आहे, उठते आहे.
कारखान्यातले सेकंडचे टॉवेल
तिची आई गरम पाण्यात पिळून गुडघ्यांना गुंडाळते.
शनिवारी गोळी. रविवारी उलटी.

आई विड्या वळते.
बोटं अशी चालतात की दिसत नाहीत.
लेक समोर बसून बघत राहते,
आणि स्वतःची बोटं
मांडीखाली ठेवते.

शाळेतून वहीत शेरा आला: वर्गात झोपते.
मी ओरडलो. रात्री मोबाइल बघतेस?
नाही नान्ना, म्हणाली,
मी झोपते की. सगळी रात्र झोपते.
खरंच बोलत होती.

मग माझी रात्रपाळी सुटली.
मे महिना. पंखा गरम वाराच ढकलत होता.
अडीचला जाग आली,
काही ऐकू आलं म्हणून नव्हे.
पाठीला कळलं.
उठून बसलो. छाती हलतेय,
हवा नाही.
नऊपर्यंत मोजलं.
दहाला आतून कुणी हँडल ओढावं
तसा हिसका, खर्रकन श्वास, कूस बदलली,
पुन्हा घोरू लागली. जागी झालीच नाही.
गाठ मारायला हात पुढे झाला होता माझा.
धागा कुठे होता?

दवाखान्यात एक रात्र ठेवली.
डोक्याला वायरी, छातीला पट्टा, बोटाला चिमटा.
आरशात बघून म्हणाली,
आता मी जकार्ड.
मॅडमनी सकाळी आकडा सांगितला:
तासाला अकरा वेळा.
या आजारात जबड्याचा सांधाही सुजतो, म्हणाल्या,
दुखत नाही म्हणून कुणी बघत नाही.
हनुवटी मागे राहते, श्वासाची वाट अरुंद होते.
आम्ही म्हणायचो,
हनुवटी माझ्या आईवर गेलीय.

मग तिला एक कागद दिला.
दहा सेंटिमीटरची आडवी रेघ,
या टोकाला अगदी छान, त्या टोकाला अगदी वाईट.
आज तुला कसं वाटतं, खूण कर.
तिनं दोन केल्या.
एकच कर बाळ.
ही सकाळची, ही संध्याकाळची, ती म्हणाली.
मग पेन्सिल थांबली.
रात्रीची मला माहीत नाही.
नान्नाला विचारा.

मी खिडकीबाहेर बघत होतो.
वहीतल्या त्या शेऱ्याखाली
सही माझी होती.

आता भाड्याचं मशीन आहे, नाकाला मास्क.
घरात अजून एक लूम आला, तिची आई म्हणते.
गुडघे तसेच. सकाळचा तास तसाच,
कधी पाऊण तास.
पण परवा शाळेतून येऊन
भांडली माझ्याशी, चांगली अर्धा तास,
चटणी तिखट झाली म्हणून.
आधी भांडायलाही
जागी नसायची.

काल तीनला लाइट गेली.
सगळा पूर्व भाग एकदम गप्प,
आणि त्या गप्पपणानंच निम्मं गाव जागं झालं असणार.
मी अंधारात मास्क काढला,
तिला कुशीवर वळवलं,
नाकाखाली बोट धरलं.
एक. दोन. ऊन वारा लागत होता बोटाला.
सतरा. अठरा.
थांबू की नको, ठरेना.
तेवढ्यात डोळे न उघडता म्हणाली,
नान्ना, झोप आता.
बोटाला तेलाचा वास येतोय.